डेटम ए, बी, सी: ड्रॉइंगवरचा क्रम वाचून जॉब कसा बसवायचा

ड्रॉइंगवर टॉलरन्सची आडवी चौकट असते. पहिल्या घरात चिन्ह, दुसऱ्यात आकडा, आणि पुढच्या एक ते तीन घरांत अक्षरं. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये बघा, नजर आधी आकड्यावर जाते. ०.२५ आहे ना, मग ड्रिलने भागेल, ०.०५ आहे, मग बोरिंग करावं लागेल. अक्षरांकडे बघायचं ते ‘ए म्हणजे तो फेस’ एवढ्यापुरतंच. मग जॉब, म्हणजे मशीन केलेला पार्ट, आपल्याकडे पास होतो आणि कस्टमरकडे फेल. अशा भांडणात बहुतेक वेळा दोघांचंही मोजमाप ठीक असतं, फरक जॉब बसवण्यात असतो.

ती अक्षरं म्हणजे डेटमची नावं, मोजमाप ज्यांच्यावरून धरायचं त्या फेस, बोअर वगैरेंची. ती जॉब कुठे टेकवायचा, कुठल्या क्रमाने टेकवायचा आणि किती घट्ट धरायचा हे सांगतात. सेटर (मशीनवर जॉब लावणारा), फिक्स्चर (जॉब धरायचा साचा) करणारा आणि सीएमएम (पॉइंट टोचून माप घेणारं यंत्र) चालवणारा या तिघांनी तो क्रम सारखाच वाचला पाहिजे. तो कसा वाचायचा, ते एक जॉब समोर ठेवून पाहू.

आधी टायटल ब्लॉक

नाशिकच्या एकाच शेडमध्ये जर्मन कस्टमरचं ड्रॉइंग असतं, अमेरिकन असतं, आणि कुठल्याशा जुन्या पंपाचं हाताने काढलेलं ट्रेसिंगही असतं. चौकट तिन्हींवर सारखी दिसते, तिच्यामागचे नियम मात्र सारखे नसतात. म्हणून टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या तक्त्यात) किंवा नोट्समध्ये प्रमाण कोणतं लिहिलंय ते आधी शोधा. अमेरिकन असेल तर एएसएमई वाय१४.५ आणि पुढे वर्ष: १९९४, २००९ किंवा २०१८. युरोपियन असेल तर आयएसओ ८०१५, आयएसओ ११०१ अशी नावं दिसतील. डेटमचे नियम आयएसओ ५४५९ मध्ये आहेत. आपलं आयएस ८००० आयएसओच्याच वळणाचं आहे.

वर्षालाही अर्थ आहे. कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री ही दोन चिन्हं एएसएमईने २०१८ च्या आवृत्तीतून काढून टाकली, आयएसओमध्ये ती अजून आहेत. १९९४ च्या आधीच्या अमेरिकन ड्रॉइंगवर डेटमचा त्रिकोण दिसत नाही. तिथे चौकोनात अक्षर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा असतात. ती खूण आयटम नंबर समजून सोडून दिली की पुढचं सगळं वाचन चुकतं.

सगळ्यात मोठा फरक मापाच्या नियमात आहे. एएसएमईमध्ये साध्या मापालाही आकाराची मर्यादा आपोआप लागू होते. २० चा शाफ्ट कमाल मापाला असेल तर तो पूर्ण सरळ आणि गोल असायला हवा. आयएसओमध्ये माप वेगळं आणि आकार वेगळा. मापाशेजारी गोलातला ई असेल तरच हे बंधन येतं. डेटम असलेला बोअर (मशीन केलेलं गोल भोक) किंवा शाफ्ट वाचताना हे लक्षात ठेवा. आयएसओ ड्रॉइंगवर मायक्रोमीटरने पास झालेला शाफ्ट वाकलेला असू शकतो, आणि तोच डेटम असेल तर त्याच्यावरून मोजलेलं सगळं त्या वाकासकट येतं.

दोन किरकोळ गोष्टी, पण जॉब घालवणाऱ्या. जर्मन ड्रॉइंगवर दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. आणि प्रोजेक्शनचं चिन्ह (जॉबची दृश्यं कागदावर कोणत्या बाजूला मांडली ते सांगणारं) बघा: आपण फर्स्ट अँगलवर शिकलेले, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलचं. तिथे गफलत झाली की डेटम बी आरशातल्यासारखा उलट्या बाजूला जातो.

युरोपियन ड्रॉइंगवर ‘आयएसओ २७६८-एमके’ असं लिहिलेलं असेल तर त्यातला ‘के’ हा चौकट नसलेल्या ठिकाणच्या काटकोन वगैरेंसाठी आहे. त्यात डेटमचं नाव नसतं. काटकोनाच्या दोन बाजूंपैकी लांब बाजू डेटम धरायची असा नियम आहे. प्रमाणाचा हा दुसरा भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आलं. जुन्या ड्रॉइंगांवर मात्र तो अजून दिसतो, आणि ड्रॉइंगवर आहे तोवर पाळावा लागतो.

त्रिकोण नेमका कुठे टेकलाय

डेटमचा त्रिकोण भरीव असो वा पोकळ, अर्थ एकच. जागा मात्र महत्त्वाची. त्रिकोण पृष्ठभागाच्या रेघेवर किंवा तिच्या वाढवलेल्या रेघेवर, मापाच्या रेघेपासून स्पष्ट बाजूला असेल, तर तो पृष्ठभागच डेटम. त्रिकोण मापाच्या रेघेच्या अगदी सरळीत, बाणाला लागून असेल, तर त्या मापाचा मध्य डेटम: बोअर असेल तर त्याचा अक्ष, स्लॉट असेल तर त्याचं मध्यप्रतल. दोन-तीन मिलिमीटरच्या सरकण्याने अर्थ बदलतो. म्हणून पीडीएफ झूम करून बघा; फोटोकॉपीची फोटोकॉपी असेल तर मूळ फाइल मागून घ्या.

जुन्या ड्रॉइंगवर त्रिकोण सरळ सेंटर लाइनवर ठोकलेला असतो. आताच्या प्रमाणांना हे चालत नाही, आणि कारण साधं आहे. त्या सेंटर लाइनवर चार डायमीटर असतील तर अक्ष नेमका कुणाचा? तुम्ही मोठा धराल, कस्टमर बेअरिंगचा धरेल. असं दिसलं की अंदाज बांधू नका, विचारा.

थ्रेड डेटम असेल तर वेगळं काही लिहिलेलं नसताना पिच डायमीटरचा (आट्यांच्या मध्यावरच्या व्यासाचा) अक्ष धरतात. सीएमएमवर आतल्या थ्रेडच्या क्रेस्टला (माथ्याला) चार ठिकाणी टोचून सेंटर काढला, तर तो मायनर डायमीटरचा झाला. टॅप नीट चाललेला नसेल तर या दोन सेंटरांत फरक निघतो.

आणि फ्लॅटनेस (सपाटपणा), स्ट्रेटनेस (सरळपणा), सर्क्युलॅरिटी (गोलाई), सिलिंड्रिसिटी (दंडगोलपणा) या चौघांना डेटम नसतोच. फ्लॅटनेसच्या चौकटीत ए दिसला तर ड्रॉइंग काढणाऱ्याच्या मनात बहुधा पॅरलॅलिझम (समांतरपणा) होता. तेही विचारूनच ठरवायचं.

अक्षर नव्हे, घर बघा

चौकटीत ‘बी, ए, सी’ असा क्रम असेल तर पहिला डेटम बी. एबीसीडीत ए आधी येतो याच्याशी काही संबंध नाही. डावीकडचं पहिलं घर प्रायमरी, मग सेकंडरी, मग टर्शरी. एकाच ड्रॉइंगवर दोन चौकटींत दोन वेगळे क्रम असू शकतात, आणि तसे असतील तर जॉब दोनदा वेगवेगळा बसवून मोजावा लागतो. सीएमएमच्या प्रोग्रॅममध्ये एकच अलाइनमेंट घालून सगळं ड्रॉइंग उरकण्याची सवय इथे नडते.

मोकळ्या जॉबला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. डेटम त्या एकेक करून बंद करतात. सपाट फेस प्रायमरी असेल तर तीन बंद होतात: वर-खाली सरकणं आणि दोन बाजूंना कलणं. म्हणूनच फिक्स्चरमध्ये प्रायमरीला तीन रेस्ट पॅड देतात. तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, तसं. दुसरी सपाट बाजू दोन हालचाली बंद करते, तिसरी एक. हेच आपलं ३-२-१.

दंडगोल आला की हिशोब बदलतो. लांब बोअर प्रायमरी असेल तर तो एकटाच चार हालचाली बंद करतो, दोन सरकण्याच्या आणि दोन कलण्याच्या. तोच बोअर फेसनंतर सेकंडरी म्हणून आला तर कलणं फेसने आधीच थांबवलेलं असतं, त्याच्या वाट्याला फक्त दोन सरकणी उरतात. बोअर तोच, काम निराळं.

हे कागदावर किरकोळ वाटतं, म्हणून आकडे घालून बघू.

एक कव्हर, जवळून

अॅल्युमिनियमचं कव्हर घ्या. खालचा माउंटिंग फेस डेटम ए, त्याला फ्लॅटनेस ०.०५. मधला बोअर व्यास ४० एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५, लांबी २० मिमी. तो ए ला काटकोनात व्यास ०.०३ च्या आत, आकड्यापुढे गोलातला एम (त्याचा अर्थ पुढे येतो). हा डेटम बी. बाजूला ८ एच९ चा स्लॉट, ८.००० ते ८.०३६, त्याची ए आणि बी वरून पोझिशन (मध्य आदर्श जागेपासून किती सरकलेला चालेल ती मर्यादा) ०.१, तिथेही गोलातला एम. हा डेटम सी. ७० च्या पीसीडीवर (होलांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याच्या व्यासावर) चार होल, ९.० ते ९.२, त्यांची चौकट: पोझिशन, व्यास ०.२५ गोलातला एम, मग ए, मग बी गोलातल्या एमसह, मग सी गोलातल्या एमसह. आणि वरच्या टोकाला, फेस ए पासून ६० मिमी उंचीवर, सेन्सरचा उभा होल. त्याची पोझिशन व्यास ०.२५, डेटम नुसते ए, बी, सी.

आता समजा बोअर जेमतेम पास झालाय, २० मिमी लांबीत पूर्ण ०.०३ कललेला. ड्रॉइंगप्रमाणे जॉब ए वर बसला तर कलण्याचा प्रश्न येत नाही. बी फक्त मध्य सांगतो. पण सेटरने सोय म्हणून जॉब बोअरमध्ये एक्स्पांडिंग मँड्रेल (फुगून बोअर आतून पकडणारा दांडा) घालून धरला आणि फेस नुसता टेकवला, तर बी प्रायमरी झाला. आता सगळा जॉब बोअरच्या कलाने उभा राहणार. २० मिमीत ०.०३, म्हणजे ६० मिमी उंचीवर ०.०९. सेन्सरचा होल ०.०९ ने सरकला, आणि पोझिशन व्यासात मोजतात म्हणून रिपोर्टमध्ये ०.१८ दिसेल. ०.२५ पैकी ०.१८ नुसतं जॉब चुकीच्या क्रमाने बसवण्यात गेलं. स्पिंडल, टूल, ऑफसेट सगळं नीट असूनही. अशा वेळी शॉपमध्ये मशीनची जॉमेट्री तपासायला माणूस बोलावतात, आणि त्याला काही सापडत नाही.

उलट, ड्रॉइंगवर बी खरंच प्रायमरी असेल तर त्यालाही कारण असतं. कव्हर लांब स्पिगॉटवर (बोअरमध्ये जाणाऱ्या दंडगोल भागावर) सरकून बसत असेल आणि फेस फक्त अंतर राखत असेल, तर असेंब्लीत जॉबचा कल बोअरच ठरवतो. एकदा असेंब्ली ड्रॉइंग मागवून बघा. जॉब कशावर बसतो ते समजलं की डेटमचा क्रम पाठ करावा लागत नाही.

डेटम फेस प्रत्यक्षात कसा बसतो

ड्रॉइंगवरचा ए हे आदर्श प्रतल आहे. आपल्या हातातला फेस खडबडीत, किंचित फुगीर किंवा खोलगट. प्रतल मिळतं ते फेसच्या उंच बिंदूंना टेकणाऱ्या सरफेस प्लेटवरून किंवा रेस्ट पॅडवरून. म्हणून डेटम फेसला फ्लॅटनेस दिलाय का ते आधी बघा, आणि दिला असेल तर बाकी काही मोजण्याआधी तोच मोजा. फेस खोलगट असेल तर कडांवर शांत बसतो. फुगीर असेल तर प्लेटवर डुलतो, आणि दर वेळी डायलचं रीडिंग वेगळं येतं. अशा जॉबच्या कडांखाली फिलर (मापाच्या पातळ पट्ट्या) घालून दोन्हीकडची फट सारखी करा आणि मग मोजा. एका बाजूला दाबून मोजलेलं रीडिंग जॉबचं नसतं, दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं असतं.

होल मारल्यावर ए फेसवर बर (धातूची उठलेली धारदार कड) राहतो. तो तसाच ठेवून जॉब प्लेटवर ठेवला तर डेटम म्हणजे तो बरच. ऑइल स्टोन फिरवा, कपड्याने पुसा, मग बोटाने चाचपून बघा. पॅडवरच्या चिपबद्दल वेगळं सांगायला नको. क्लॅम्प पॅडच्या बरोबर वर असावा. दोन पॅडांच्या मधे आवळलात तर अॅल्युमिनियमचा पातळ फेस वाकतो, मशीनवर सपाट दिसतो आणि मोकळा केला की परत उसळतो.

शीटमेटलवाल्यांसाठी, आणि अंबडमध्ये पॅनेलचं काम करणारे कमी नाहीत, इथे एक वेगळी गोष्ट आहे. पातळ पार्ट मोकळा असताना वाकडा असणारच. ड्रॉइंगवर ‘आयएसओ १०५७९-एनआर’ किंवा कसं धरून मोजायचं याची नोट असेल तर पार्ट तसाच बोल्ट करून, सांगितलेल्या ठिकाणीच धरून मोजायचा. आकड्यापुढे गोलातला एफ असेल तर तेवढं मोकळ्या स्थितीत मोजायचं.

बोनस आणि शिफ्ट: इथे सगळ्यात जास्त गोंधळ

टॉलरन्सच्या आकड्यापुढचा गोलातला एम आणि डेटमच्या अक्षरापुढचा गोलातला एम, दोन्ही एकसारखे दिसतात, पण कामं दोन.

आधी पहिला. चार होलांचं किमान माप ९.०. होल तेवढा लहान असेल तेव्हा पोझिशन ०.२५. होल मोठा झाला तर जितका मोठा तितकी सूट, हाच बोनस, कारण बोल्टला जागा वाढली. होल ९.१२ निघाला तर ०.२५ अधिक ०.१२, म्हणजे ०.३७ चालेल.

मोजून बघू. पहिल्या होलचा मध्य दोन्ही दिशांना २४.७५ वर हवा. सापडला २४.८३ आणि २४.६६ वर. फरक ०.०८ आणि ०.०९. दोघांच्या वर्गांची बेरीज ०.०१४५, वर्गमूळ ०.१२०, दुप्पट ०.२४१. बोनसशिवायच पास. दुसऱ्या होलचा फरक ०.१४ आणि ०.१०: बेरीज ०.०२९६, वर्गमूळ ०.१७२, दुप्पट ०.३४४. ०.२५ ला हा रिजेक्ट, पण होल ९.१२ असेल तर ०.३७ च्या आत, पास. दुप्पट करायला विसरणं ही जुनी चूक. तिच्यामुळे नापास जॉब पास होतात.

आता डेटमपुढचा एम. बी चं किमान माप ४०.०००, त्यातून काटकोनाचे ०.०३ वजा केले की ३९.९७०. म्हणजे फंक्शनल गेजमध्ये (जॉब बसतो का ते थेट बघायच्या साच्यात) ए ची सपाट प्लेट, तिच्यावर काटकोनात ३९.९७ ची पिन, स्लॉटसाठी ८.००० वजा ०.१ म्हणजे ७.९ ची की, आणि चार होलांसाठी ९.० वजा ०.२५ म्हणजे ८.७५ च्या चार पिना. जॉब प्लेटवर सपाट बसला आणि सगळ्या पिना गेल्या, की पास. होलांची मापं मात्र गो-नोगोने वेगळी तपासायचीच. हे गेज माप तपासत नाही.

प्रत्यक्ष बोअर ४०.०१८ आणि ए ला सरळ काटकोनात असेल तर ३९.९७ च्या पिनेभोवती ०.०४८ चा खेळ उरतो. जॉब मध्यापासून कुठल्याही बाजूला ०.०२४ सरकू शकतो. हीच शिफ्ट. पण जॉब सरकला की चारही होल एकत्र, एकाच दिशेला सरकतात. हे ०.०४८ प्रत्येक होलच्या टॉलरन्समध्ये मिळवायचे नसतात. एक्सेल शीटमध्ये बोनसच्या शेजारी शिफ्टचा कॉलम करून दोन्ही बेरजेत घेणारे रिपोर्ट सर्रास दिसतात, आणि ते चूक आहेत. एखाद्या होलची पोझिशन उजवीकडे ०.४०५ निघाली तर जॉब डावीकडे सरकवून तो ०.३७ च्या आत येईलही. पण समोरचा होल आधीच डावीकडे झुकलेला असेल तर तो बाहेर जाईल. हे ठरवायला गेज लावा, नाहीतर चारही होल एकत्र सरकवून बघणारं सीएमएम सॉफ्टवेअर वापरा. कागदावर होल एकेक तपासून ते ठरत नाही.

आणखी एक बारकावा. सी पुढे एम नसता तर की स्लॉटमध्ये घट्ट बसवावी लागली असती. मग बी ची पिन कितीही सैल असली तरी स्लॉटच्या आडव्या दिशेला जॉब सरकला नसता. म्हणजे शिफ्ट मिळते की नाही हे बाकीचे डेटमही ठरवतात.

अक्षरापुढे काहीच नसेल तर खेळ नाही. बोअर कुठल्याही मापाचा निघो, त्यात घट्ट बसणारी गोष्ट हवी: एक्स्पांडिंग मँड्रेल, टेपर पिन, किंवा सीएमएमवर बोअरमध्ये मावणारा मोठ्यात मोठा सिलिंडर. सेन्सरच्या होलची चौकट आपल्या ड्रॉइंगवर अशीच आहे. ३९.९७ च्या सैल पिनेवर तो मोजला तर ते मोजमाप धरता येणार नाही.

कास्टिंग आणि शाफ्ट

कच्च्या कास्टिंगचा पूर्ण फेस डेटम म्हणून वापरता येत नाही. दर पीस वेगळा बसेल. म्हणून ड्रॉइंगवर डेटम टार्गेट असतात. गोल, मध्ये आडवी रेघ, खालच्या अर्ध्यात ए१, ए२, ए३ असं लिहिलेलं, आणि टार्गेट छोट्या गोल जागेचं असेल तर वरच्या अर्ध्यात तिचं माप. त्याच तीन जागी पॅड द्यायचे, बी१ आणि बी२ ला दोन, सी१ ला एक. रनर, रायझर (धातू ओतायचे मार्ग) किंवा पार्टिंग लाइन (साच्याची जोडरेघ) टार्गेटवर येत असेल तर फाउंड्रीशी पॅटर्न बनण्याआधीच बोला. पहिलं ऑपरेशन ठरलेल्या टार्गेटवर आणि पुढची सगळी मशीन केलेल्या डेटमवर, हा क्रम पाळला तर वॉल थिकनेस एका बाजूला पातळ होण्याची तक्रार कमी येते.

शाफ्टवर एकाच घरात ‘ए-बी’, मध्ये आडवी रेघ, असं दिसतं. हा एकच डेटम आहे. दोन्ही बेअरिंग सीट मिळून एक अक्ष. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. रनआउट (फिरवताना डायलवर दिसणारा फरक) ०.०२ ए-बी वर मागितला असेल तर दोन्ही सीट व्ही-ब्लॉकवर ठेवून मधला डाया डायलखाली फिरवायचा. आपल्याकडे सेंटरवर धरून रनआउट घेतात कारण ते पटकन होतं. पण सेंटर होल इथे डेटम नाहीत. सीटच सेंटरशी ०.०१ रन होत असेल तर ते रीडिंगमध्ये मिसळेल, कधी वाढवेल, कधी लपवेल. पटकन हवंच असेल तर आधी दोन्ही सीटचा सेंटरवरचा रनआउट बघा. तो नगण्य असेल तरच पुढे जा. व्ही-ब्लॉकही पूर्ण निर्दोष नाही: सेंटरलेस ग्राइंडिंगमधून तीन लोबचा (तीन फुगवट्यांचा) गोल आला तर व्ही-ब्लॉकवरचं रीडिंग फसवतं. शंका आली तर राउंडनेस मोजून घ्या.

सीएमएमवाल्याला काय सांगायचं

छोट्या युनिटकडे सीएमएम नसतो, जॉब बाहेर मोजायला जातो. ड्रॉइंग आणि पीस देऊन ‘रिपोर्ट द्या’ एवढंच सांगितलं तर अलाइनमेंट ऑपरेटर ठरवतो, आणि तो त्याला सोपी पडेल तीच धरतो. त्यात त्याचा दोष नाही.

सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण लिहून द्या. प्रायमरी ए चं प्लेन तीन पॉइंटांवर नको. फेसभर पसरलेले, कडांजवळचेही पॉइंट घ्या. प्लेनची पद्धत विचारा. बहुतेक सॉफ्टवेअर काही न सांगता लीस्ट स्क्वेअर घेतात, म्हणजे सगळ्या पॉइंटांच्या मधून जाणारं सरासरी प्लेन. सरफेस प्लेट मात्र उंच पॉइंटांना टेकते. फेस ०.०१ च्या आत सपाट असेल तर फरक पडत नाही. आपल्या कव्हरसारखा ०.०५ च्या काठावर असेल तर पडतो, आणि मग कस्टमर कोणती पद्धत वापरतो ते विचारून तीच दोन्हीकडे ठेवायची.

सेकंडरी बी चा अक्ष ए ला काटकोनात बांधून घ्यायला सांगा. नेहमी होतं असं की बोअरचा सिलिंडर मोकळा मोजतात, त्याचा अक्ष जिथे ए ला छेदतो तो बिंदू शून्य धरतात. बोअर कललेला असेल तर हा बिंदू बोअरच्या एका टोकाचा झाला. २० मिमीत ०.०३ कल असलेल्या आपल्या बोअरमध्ये मधल्या उंचीवरचा सेंटर आणि ए वरचा सेंटर यांत ०.०१५ चा फरक येतो, पोझिशनमध्ये तो ०.०३.

आणि चार होलांना ‘बेस्ट फिट’ करून दिलेला रिपोर्ट स्वीकारू नका. त्यात ए, बी, सी तिघेही बाजूला पडतात आणि होलांचं एकमेकांतलं अंतर तेवढं तपासलं जातं. आकडे फार छान दिसतात, ही त्याची मोठी अडचण.

अडलं तर

कस्टमरला ‘डेटम क्लिअर नाही’ असं लिहून पाठवलं तर उत्तर ‘ॲज पर ड्रॉइंग’ असंच येतं. प्रश्न असा लिहा की हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल: ‘शीट २, सेक्शन एक्स-एक्स. डेटम बी चा त्रिकोण सेंटर लाइनवर आहे. आम्ही तो व्यास ४० एच७ च्या बोअरचा अक्ष धरत आहोत. बरोबर आहे का?’ सोबत त्या जागेचा स्क्रीनशॉट, आणि आपला अर्थ लाल रेघेने दाखवलेला. उत्तर आलं की ते ड्रॉइंगच्या प्रतीवर तारखेसह चिकटवा आणि तीच प्रत सेटरच्या टेबलवर, फिक्स्चरवाल्याकडे आणि सीएमएमकडे जाऊ द्या.

रिव्हिजन आली की लोक बदललेल्या मापांभोवती काढलेले ढगासारखे आकार शोधतात. चौकटीतल्या अक्षरांचा क्रम बदललाय का, एखाद्या अक्षरापुढचा गोलातला एम गेलाय का, त्रिकोण मापाच्या रेघेवरून पृष्ठभागावर सरकलाय का, हे वेगळं बघा. एकही माप न बदलता फिक्स्चर आणि गेज दोन्ही बाद झालेले असू शकतात. ३९.९७ ची पिन कपाटात तशीच राहते, तिच्यावर जुना रिव्हिजन नंबर कोरलेला असतो आणि कामाची पाळी बदलली की कुणीतरी तीच काढून वापरतं. म्हणून नवं ड्रॉइंग शॉपमध्ये सोडण्याआधी जुनं गेज स्टोअरमध्ये जमा करून घ्या.